लहान होडीच्या आउटबोर्ड इंजिनातील इंधनदोष : ओळख, दुरुस्ती आणि प्रतिबंध

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा सागरकिनारा लाभला आहे. त्यात मिळणाऱ्या दाभोळ, जयगड, राजपुरी, जैतापूर, कर्ली आदी खाड्यांमध्ये लहान होड्यांतून मासेमारी, कालवे-तिसऱ्यांची वेचणी आणि प्रवासी वाहतूक चालते. देशावर उजनी, जायकवाडी आणि कोयना यांसारख्या जलाशयांत मासेमारीसाठी होड्या वापरल्या जातात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून जलाशयातील पिंजरा पद्धतीच्या मत्स्यपालनास चालना मिळाली. पिंजऱ्यातील माशांना दररोज ठरलेल्या वेळी खाद्य द्यावे लागते, जाळी तपासावी लागते आणि तयार मासळी वेळेत काठावर आणावी लागते. या सर्व कामांचा भार होडीच्या मागील फळीवर बसवलेल्या दोन ते पंधरा अश्वशक्तीच्या छोट्या आउटबोर्ड इंजिनावर असतो.

हे इंजिन बंद पडण्याची कारणे अनेक असली, तरी लहान इंजिनांच्या बाबतीत सर्वाधिक वेळा दोष आढळतो तो इंधनाच्या वाटेत. टाकीतील पाणी, शिळे पेट्रोल, चिरलेली नळी, गाळाने भरलेली गाळणी किंवा कार्बोरेटरमधील बुजलेले छिद्र यांपैकी एखादे कारण त्यामागे असते. यातील बहुतेक दोष साध्या हत्यारांनी, काठावर बसून दुरुस्त करता येतात. मात्र दोष नेमका कोठे आहे हे क्रमाने शोधण्याची सवय नसल्याने अनेकदा चांगले सुटे भाग बदलले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

पाण्यात बंद पडलेले इंजिन हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. मे महिन्यात वळवाच्या पावसापूर्वी जलाशयांवर वारा अचानक उसळतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. अशा वाऱ्यात चालत्या इंजिनाची होडीदेखील संकटात सापडते. बंद इंजिनाची होडी तर वाऱ्याला आडवी फिरते आणि लाटा थेट तिच्या कडेवर आदळू लागतात. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी इंजिन थांबल्यास होडी वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांत ओढली जाते. म्हणून इंधनव्यवस्थेची निगा हा सुरक्षिततेचाच भाग मानावयास हवा.

इंधनाचा प्रवास

दोष शोधण्यासाठी प्रथम इंधनाची वाट समजून घ्यावी. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. इंधन जसजसे खर्च होते, तसतशी तेथून हवा आत येते. टाकीच्या तळाजवळ पोहोचणाऱ्या नळीच्या टोकास बारीक जाळी असते. तेथून इंधन रबरी नळीतून रबरी फुग्याकडे येते. या फुग्यात दोन एकमार्गी झडपा असतात. त्यामुळे फुगा दाबला की इंधन केवळ इंजिनाच्या दिशेने जाते. फुग्यावरील बाणाचे टोक नेहमी इंजिनाकडे असले पाहिजे. पुढे जोडणीचा क्लिप, इंधन गाळणी, इंधन पंप आणि शेवटी कार्बोरेटर अशी ही साखळी आहे. दोन-तीन अश्वशक्तीच्या अगदी लहान इंजिनांत टाकी इंजिनाच्या डोक्यावरच असते. इंधन स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि फुगा व पंप यांऐवजी केवळ एक तोटी असते.

द्विघाती, म्हणजेच टू-स्ट्रोक इंजिनात इंधन पंप क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर चालतो. हा दाब एका पातळ पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, आत-बाहेर हलवतो. फोर-स्ट्रोक इंजिनात हेच काम बहुधा कॅमशाफ्टच्या साहाय्याने होते. कार्बोरेटरच्या तळाशी एक लहान वाटी असते. तिच्यातील फ्लोट पाण्याच्या टाकीतील तरंगत्या चेंडूप्रमाणे काम करतो. वाटी भरली की तो निडल व्हॉल्व्ह बंद करतो. वाटीतील इंधन मंद गतीसाठी एका बारीक छिद्रातून आणि वेगासाठी दुसऱ्या, थोड्या मोठ्या छिद्रातून हवेत मिसळते. ही छिद्रे म्हणजेच जेट. मंद गतीचा जेट इतका बारीक असतो की वाळलेल्या पेट्रोलचा एक कणही तो बुजवू शकतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि पाणी

मागील काही वर्षांत पंपावरील पेट्रोलचे स्वरूप बदलले आहे. देशात जून २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण १० टक्क्यांपर्यंत पोहोचले. फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. या इथेनॉलचा मोठा वाटा उसापासून आणि मक्यासारख्या धान्यापासून येतो. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना त्यामुळे मळी व रसासाठी आणखी एक बाजार मिळाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल लाभाचा आहे. परंतु पाण्यावर चालणाऱ्या लहान इंजिनाच्या मालकाने त्याचे तीन परिणाम ध्यानात ठेवले पाहिजेत.

पहिला परिणाम पाण्याचा. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. ते जड असल्याने तळाशी बसते आणि काढून टाकता येते. इथेनॉल मात्र पाण्याला धरून ठेवते. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये सामान्य तापमानात दर लिटरमागे सुमारे पाच मिलिलिटर पाणी विरघळून राहते. २० टक्के मिश्रणात हे प्रमाण अधिक असते. ही मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी स्वतंत्र थर करतात. तापमान उतरले की इंधनाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते. त्यामुळे सायंकाळी चाललेले इंजिन थंडीतील पहाटे सुरू होत नाही, असा अनुभव येऊ शकतो. टाकीतील नळी तळापर्यंत पोहोचत असल्याने इंजिनाला सर्वप्रथम हाच थर मिळतो. टू-स्ट्रोक इंजिनात धोका दुहेरी असतो. कारण वंगणतेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि तळाच्या थरात ते नसते. असे इंधन इंजिनात गेल्यास पिस्टन व बेअरिंग कोरडे पडण्याची भीती असते.

दुसरा परिणाम रबराचा. जुन्या प्रकारचे रबर, कॉर्कची गॅस्केट आणि काही प्लॅस्टिक भाग इथेनॉलमुळे फुगतात, मऊ पडतात किंवा कालांतराने कडक होऊन चिरतात. नळीचा आतील थर सुटून त्याचे पापुद्रे जेटपर्यंत जातात. बाहेरून नळी सुस्थितीत दिसते, आतून मात्र ती बुजलेली असते.

तिसरा परिणाम मिश्रणाचा. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ पट पुरते. ठरावीक छिद्रांच्या कार्बोरेटरमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले की मिश्रण विरळ होते, म्हणजे हवेच्या तुलनेत इंधन कमी पडते. जेट थोडासा जरी बुजला, तरी हा विरळपणा वाढतो व इंजिन तापते. बहुतेक आउटबोर्ड उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनाची मुभा दिलेली असते. म्हणून आपल्या इंजिनाची पुस्तिका पाहावी, विक्रेत्याकडे २० टक्के मिश्रणास योग्य नळी, गॅस्केट व डायफ्रॅम उपलब्ध आहेत का याची चौकशी करावी आणि जुने रबरी भाग बदलून घ्यावेत.

इंधन तपासण्याच्या दोन सोप्या पद्धती

पहिली पद्धत बाटलीची. टाकी अर्धा तास स्थिर ठेवावी. त्यानंतर तळातील साधारण १०० मिलिलिटर इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात पाहावे. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसल्यास टाकीत पाणी आहे. इंधन दुधाळ किंवा गढूळ दिसल्यास ते वेगळे होण्याच्या बेतात आहे. इंधन स्वच्छ व एकसंध असले, परंतु त्याला व्हार्निशसारखा आंबूस, उग्र वास आणि गडद रंग आला असेल, तर ते शिळे आहे. टू-स्ट्रोकच्या तेलाला निळा किंवा हिरवा रंग असतो. केवळ त्या रंगावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरी पद्धत इथेनॉलचे प्रमाण अजमावण्याची आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी ती गटसभेत प्रात्यक्षिक म्हणून दाखवावी. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि त्यावर १०० च्या खुणेपर्यंत, तेल न मिसळलेले पेट्रोल ओतावे. तोंड बंद करून हलवावे, मध्ये एकदा झाकण सैल करून वाफ जाऊ द्यावी आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते व तळाचा थर वाढतो. थर १८-१९ मिलिलिटरच्या आसपास गेल्यास इथेनॉल सुमारे १० टक्के, तर २५ ते २८ च्या दरम्यान गेल्यास ते सुमारे २० टक्के समजावे. ही ढोबळ चाचणी आहे. परंतु आपण काय वापरत आहोत हे त्यातून प्रत्यक्ष दिसते. चाचणीसाठी वापरलेले पेट्रोल पुन्हा टाकीत टाकू नये. ही चाचणी उघड्यावर, सावलीत आणि विस्तवापासून दूरच करावी.

दोष शोधण्याचा क्रम

इंजिन सुरू होत नसेल, तर सर्वप्रथम तातडीने बंद करण्याच्या बटणाची दोरी जागेवर आहे का, इंजिन न्यूट्रलमध्ये आहे का आणि टाकीत इंधन आहे का, हे पाहावे. या तीन गोष्टी अतिशय साध्या असल्याने त्याच बहुधा राहून जातात. त्यानंतर स्पार्क प्लग काढून पाहावा. अनेकदा दोरी ओढूनही प्लग कोरडाच असेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. प्लग पेट्रोलने भिजलेला असेल, तर इंधन पोहोचते आहे. दोष ठिणगीत, पाणी मिसळलेल्या इंधनात किंवा इंधन जास्त होण्यात आहे. प्लगची ठिणगी तपासताना प्लगचे छिद्र उघडे असते आणि त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. म्हणून ही तपासणी छिद्रापासून दूर, सांडलेले पेट्रोल पुसून झाल्यावरच करावी.

दोष इंधनाच्या वाटेत आहे असे ठरल्यावर टाकीकडून इंजिनाकडे जावे. हा क्रम मोडू नये, कारण वाट बुजलेली असताना कार्बोरेटर उघडून काहीच साध्य होत नाही.

१. हवेचा स्क्रू : तो पूर्ण उघडावा. तो बंद राहिल्यास इंजिन दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते आणि मग हळूहळू दम तोडते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर कारण हेच.

२. रबरी फुगा : फुग्याचे इंजिनाकडील टोक वर धरून तो दाबावा. पाच-सहा वेळा दाबल्यावर तो टणक झाला पाहिजे. तो कितीही दाबला तरी मऊच राहिल्यास टाकीत इंधन नाही, टाकीकडील जोडणीतून हवा ओढली जाते किंवा फुग्यातील झडप निकामी आहे. इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असेल, तर त्याच्या मागे, म्हणजे टाकीकडे, अडथळा आहे. फुगा टणक होतो, पण कार्बोरेटरच्या वाटीत इंधन येत नसेल, तर अडथळा पुढे, म्हणजे इंजिनाकडे आहे. एका फुग्यावरून दोषाची दिशा अशी ठरवता येते.

३. नळी आणि जोडणी : नळी मुडपलेली किंवा सामानाखाली दाबली गेली आहे का ते पाहावे. जोडणीतील रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, झिजल्यास इंधन गळत नाही, पण हवा मात्र आत ओढली जाते. जोडणीवर साबणाचे पाणी लावून फुगा दाबल्यास गळती असलेल्या ठिकाणी बुडबुडे किंवा ओल दिसते.

४. गाळणी : गाळणीच्या पारदर्शक पेल्यात पाणी किंवा गाळ दिसत असेल, तर तो स्वच्छ करावा. कागदी गाळणी धुवून वापरू नये, ती बदलावी. टाकीच्या आतील जाळीही त्याच वेळी पाहावी.

५. इंधन पंप : इंजिन दम तोडू लागताच फुगा हाताने दाबत राहावा. त्यामुळे इंजिन पुन्हा चालू लागल्यास पंपाचा डायफ्रॅम दुबळा झाला आहे किंवा मागील बाजूस हवा ओढली जात आहे. जोडण्या ठीक असतील, तर डायफ्रॅमचा संच बदलावा. फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणतेलाची पातळी आपोआप वाढली आणि तेलास पेट्रोलचा वास येऊ लागला, तर फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल तेलात उतरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी इंजिन चालवू नये. दोष काढून तेल बदलावे.

६. कार्बोरेटर : चोक ओढल्यावरच इंजिन चालते आणि सोडताच बंद पडते, तर जेट बुजला आहे. वेगात चालते पण मंद गतीवर थांबते, तर मंद गतीचा जेट. मंद गतीवर चालते पण वेग घेत नाही, तर मुख्य जेट किंवा त्याआधीची वाट. कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडत असेल, तर निडल व्हॉल्व्हखाली कचरा अडकला आहे किंवा फ्लोटमध्ये इंधन शिरून तो बुडाला आहे.

कार्बोरेटरची स्वच्छता

हे काम होडीत न करता काठावर, सावलीत, पांढऱ्या कापडावर करावे. प्रथम वाटीखालील स्क्रू सैल करून आतील इंधन काचेच्या बाटलीत घ्यावे. त्यात पाणी किंवा पांढरट भुकटी दिसल्यास दोषाचे मूळ हाती आले. अनेकदा वाटी रिकामी करून ताजे इंधन आणल्यानेच इंजिन सुरू होते आणि पुढचे काम टळते.

तेवढ्याने भागले नाही, तर इंधन बंद करून कार्बोरेटर उतरवावा. प्रत्येक पायरीवर मोबाईलने छायाचित्र घ्यावे. हवा-इंधन मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवावे; बसवताना तेवढेच फेरे बाहेर ठेवावे. फ्लोट व निडल व्हॉल्व्ह काढून जेट नेमक्या मापाच्या पेचकसाने उघडावेत. पितळ मऊ असल्याने चुकीचा पेचकस खाच बिघडवतो. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून उजेडाकडे धरून पाहावेत. छिद्र गोल व स्वच्छ दिसले पाहिजे. पोलादी तार किंवा सुई कधीही घालू नये. छिद्र अंशमात्र रुंदावले तरी मिश्रणाचे माप कायमचे बदलते. प्रत्येक मच्छीमाराकडे असणारा नायलॉनचा बारीक तंगूस यासाठी उत्तम ठरतो. त्यानंतर प्रत्येक मार्गातून हवा मारावी. सायकलचा पंपही पुरतो. क्लीनर वापरताना आणि हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा. जुनी गॅस्केट पुन्हा वापरू नये.

जोडणी झाल्यावर इंजिन कोरडे चालवू नये. पाण्याच्या पंपातील रबरी पंखा काही क्षणांतच जळतो. पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवून चाचणी घ्यावी आणि गार पाण्याची धार बाहेर पडते आहे याची खात्री करावी.

तेलाचे प्रमाण

टू-स्ट्रोक इंजिनाच्या अनेक तक्रारींचे मूळ तेलाच्या अंदाजपंचे मापात असते. ५० : १ या प्रमाणासाठी एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, १० लिटरला २०० मिलिलिटर आणि २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलिलिटर तेल लागते. २५ : १ या प्रमाणासाठी, जे अनेक इंजिनांत सुरुवातीच्या रुळण्याच्या काळात सांगितलेले असते, लिटरमागे ४० मिलिलिटर तेल लागते. आपल्या इंजिनाचे प्रमाण पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर प्लग काजळतो व धूर वाढतो. दुचाकीचे तेल न वापरता ‘टीसी-डब्ल्यू ३’ असे लिहिलेले जलइंजिनाचे तेल वापरावे. पाण्याने सतत गार राहणाऱ्या इंजिनासाठी, राख न सोडणारे असे ते बनवलेले असते. तेल आधी थोड्या पेट्रोलमध्ये मिसळून मगच उरलेले पेट्रोल ओतावे.

काही इंजिने पेट्रोलवर सुरू होऊन पुढे केरोसीनवर चालतात. अशी इंजिने बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर आणावीत, म्हणजे कार्बोरेटरमध्ये केरोसीन उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सहज सुरू होते.

पावसाळी बंदीच्या काळातील साठवण

राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना सागरी मासेमारीस बंदी असते. होड्या ओढून घेतल्या जातात, इंजिने उतरवून घरात ठेवली जातात आणि दोन महिन्यांनी नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा बाहेर निघतात. इंधनदोषांची बीजे याच काळात पेरली जातात. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले काही थेंब पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. तोच पुढे जेट बुजवतो. दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी दिवस-रात्रीच्या तापमानबदलासोबत श्वास घेते आणि ओलावा आत येतो. तथापि टाकीतील बहुतेक पाणी हवेतून न येता पावसाच्या सरीत उघडे राहिलेले झाकण, ओले नरसाळे आणि लाटेचे शिंतोडे यांतून येते, हे विसरू नये.

साठवणीपूर्वी इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून खारटपणा धुवावा. इंधनाची नळी काढून, वाटीखालील स्क्रू उघडून कार्बोरेटर रिकामा करावा. केवळ इंधन संपेपर्यंत चालवल्याने वाटी पूर्ण कोरडी होत नाही. टाकी रिकामी करून वाळवावी. काढलेले पेट्रोल ताजे व स्वच्छ असल्यास आणि त्यात टू-स्ट्रोकचे तेल मिसळलेले नसल्यास ते दुचाकी किंवा चारचाकी वाहनात वापरून टाकावे. तेलमिश्रित पेट्रोल त्याच प्रमाणावर चालणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्रात वापरावे. पाणी मिसळलेले किंवा शिळे इंधन खाडीत, गटारात किंवा बांधावर ओतू नये. ते बंद डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे व दोरी दोन-तीनदा हळूच ओढावी. इंजिन उभे ठेवावे, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूवरच आडवे करावे.

हेच नियम शेतातील ब्रशकटर, पॉवर स्प्रेअर आणि लाकूड कापण्याची करवत यांनाही लागू आहेत. हंगाम संपल्यावर कोपऱ्यात ठेवलेला फवारणी पंप पुढच्या हंगामात सुरू होत नाही, तेव्हा दोष बहुधा याच चिकट थराचा असतो. जलाशयाकाठच्या शेतकरी-मच्छीमार कुटुंबांकडे ही दोन्ही प्रकारची यंत्रे असतात. एकाच प्रशिक्षणात दोन्ही दाखवणे सोयीचे ठरेल.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि दिसत नाही. म्हणून टाकी होडीबाहेर, जमिनीवर ठेवूनच भरावी. टाकी काठोकाठ भरू नये. उन्हात इंधन प्रसरण पावते. पेट्रोल मान्यताप्राप्त डब्यातच न्यावे. पाण्याच्या बाटल्या आणि पातळ प्लॅस्टिकचे कॅन वापरू नयेत. इंधन भरताना विडी, चूल आणि कंदील दूर ठेवावेत. पेट्रोलने हात धुण्याची सवय सोडावी.

पाण्यात इंजिन बंद पडल्यास प्रथम सर्वांनी जीवरक्षक जाकीट घातले आहे याची खात्री करून नांगर टाकावा, म्हणजे होडीचे तोंड वाऱ्याकडे राहते. पाणी खोल असून नांगर लागत नसल्यास वल्ह्यांनी तोंड वाऱ्याकडे ठेवावे. त्यानंतर दोरी, इंधन, हवेचा स्क्रू, नळी आणि फुगा या पाच गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. इंधन जास्त झाल्याचा वास येत असेल, तर दहा मिनिटे थांबून, चोक बंद व थ्रॉटल उघडा ठेवून दोरी ओढावी. एवढ्याने इंजिन सुरू झाले नाही, तर कार्बोरेटर उघडत बसू नये, मदत मागवावी. होडीत वल्ही, नांगर व दोरखंड, शिटी, पाण्यापासून सुरक्षित पिशवीत ठेवलेला भ्रमणध्वनी, एक नवा प्लग व त्याचा पाना, एक गाळणी, दोन ओ-रिंग, पेचकस आणि पक्कड एवढे साहित्य नेहमी असावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी मे महिन्याच्या अखेरीस साठवणीचे आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा सुरू करण्याचे, अशी दोन अर्ध्या दिवसांची प्रात्यक्षिके घ्यावीत. पहिल्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाने स्वतःच्या टाकीतील इंधन बाटलीत आणावे. दहा बाटल्या शेजारी-शेजारी ठेवल्या की कोणात थर आहे, कोणाचे इंधन गढूळ आहे हे सांगावे लागत नाही. दुसऱ्या प्रात्यक्षिकात एका इंजिनाचा हवेचा स्क्रू बंद करून, दुसऱ्याची ओ-रिंग काढून, तिसऱ्याच्या नळीला मुडप देऊन दोष निर्माण करावेत आणि सभासदांना ते फुग्याच्या वागण्यावरून ओळखावयास सांगावे. प्रत्येक इंजिनासाठी एक लहान नोंदवही ठेवावी. इंधन कोठून व कधी भरले, गाळणी कधी बदलली, प्लग कधी पाहिला, एवढ्या तीन नोंदी पुरेशा आहेत. दोष पुन्हा उद्भवल्यास त्याचे कारण बहुधा याच नोंदींत सापडते.

लहान इंजिनाला लागते ते स्वच्छ, कोरडे आणि ताजे इंधन व मोकळी वाट. हंगामात आठवड्यातून अर्धा तास या दोन गोष्टींसाठी दिल्यास दुरुस्तीचा खर्च घटतो, खाद्याची वेळ चुकत नाही आणि होडी वारा उठण्याआधी काठाला लागते.